छोटा व्हॉल्व्ह अँप हम मारतोय? आधी हमचा सूर ओळखा

माझ्या टेबलावर दुरुस्तीला येणाऱ्या छोट्या व्हॉल्व्ह अँपची (काचेच्या नळ्यांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर, चालणाऱ्या गिटारच्या अँप्लिफायरची) तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "वाजतो झकास, पण सारखा घूंऽऽ करतो." बहुतेक मालकांनी इथे येण्याआधी नव्या व्हॉल्व्हचा संच मागवलेला असतो. तो लावूनही हम तसाच राहिलेला असतो. जुना संच मग पिशवीत घालून "हेही बघा जरा" म्हणत माझ्याकडे दिला जातो, आणि तपासला तर तो ठणठणीत निघतो. म्हणून मी ज्या क्रमाने तपासतो तो क्रम एकदाचा लिहून काढतोय. फुकटच्या तपासण्या आधी आहेत, खिशाला चाट लावणाऱ्या नंतर. मध्ये एक रेषा येईल. तिच्या पलीकडे तुम्ही स्वतः जायचं नाही.

अँप कुठला, ते आधी सांगतो. १९५०च्या दशकातल्या फेंडर चँपच्या घराण्यातला, ज्याच्या सर्किटला ५एफ१ म्हणतात. गिटारचा बारीक सिग्नल वाढवणारा एक १२एएक्स७ व्हॉल्व्ह (यालाच ईसीसी८३ म्हणतात), स्पीकरला ताकद देणारा एक पॉवर व्हॉल्व्ह ६व्ही६, एसीचा डीसी करणारा एक ५वाय३ रेक्टिफायर, आठ इंची स्पीकर, साधारण पाच वॉट आणि आवाजाचं एकच बटण. या सर्किटच्या नकला जगभर होतात, किट मिळतात, हौशी लोक घरी बांधतात. तुमच्याकडे थोडा वेगळा अँप असेल तरी खालचं बहुतेक सगळं लागू पडेल.

एक गोष्ट मात्र आधीच कबूल करायला हवी. या अँपमध्ये पॉवर व्हॉल्व्ह एकटाच असतो. दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने ओढणाऱ्या मोठ्या अँपमध्ये सप्लायचा (अँपच्या आतल्या वीजपुरवठ्याचा) बराचसा हम आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्येच एकमेकाला खोडून काढतो. इथे खोडायला दुसरा कोणी नाही. त्यामुळे स्पीकरला कान लावला की थोडा हम ऐकू येणारच, तो बिघाड नाही. नेहमी वाजवता तिथे बसा, पंखा चालू ठेवा. पंख्याच्या आवाजात हम बुडत असेल तर अँप ठीक आहे. गिटार उचला आणि वाजवा, पुढचं वाचू नका.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं काय होतंय ते आधी ठरवा:

– गिटारची केबल काढली की हम थांबतो.
– केबल काढली तरी हम राहतो, पण आवाजाचं बटण शून्यावर नेलं की जातो.
– बटण कुठेही असो, हम जेवढ्यास तेवढा.
– गिटार लावलेली असताना शांत, काढली की भुंगा सुरू.
– गोल, जाड "घूं" नाही, तर कर्कश "झर्रर्र". दिवे किंवा पंखा बंद-चालू केला की बदलतो.
– सहा महिन्यांपूर्वी नव्हता, हळूहळू वाढत गेला.
– हमसोबत खरखर, किंवा अँपवर टिचकी मारली की स्पीकरमधून "टंग".

आणि ही चार लक्षणं असतील तर पुढचं काही करूच नका, प्लग काढा: गिटारच्या तारांना किंवा अँपच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येणं, ६व्ही६च्या काचेआतला राखाडी पत्रा लालबुंद दिसणं, फ्यूज पुन्हा पुन्हा उडणं, जळकट किंवा डांबरासारखा वास. काचेच्या आतल्या भिंतीवर मंद निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ती चालते. लाल पत्रा चालत नाही. आणि फ्यूज उडतोय म्हणून त्या जागी तांब्याची तार गुंडाळणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्या तारेची किंमत शेवटी मेन ट्रान्सफॉर्मर भरतो.

१. हमचा सूर ओळखा (खर्च शून्य)

सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते, आणि नेमकी हीच पायरी कोणी करत नाही.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. अँपमधला हम दोन घराण्यांचा असू शकतो. पहिला ५०चा: हा थेट मेनमधून (भिंतीतल्या विजेतून), व्हॉल्व्हच्या हीटरमधून (आतल्या तापणाऱ्या तारेतून), अर्थिंगच्या गोंधळातून किंवा ट्रान्सफॉर्मरभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रातून येतो. दुसरा १००चा: रेक्टिफायर एसीच्या दोन्ही अर्ध्या लहरी सरळ करतो, त्यामुळे त्याच्या मागे उरलेली लहर दुप्पट वेगाची असते. म्हणजे १००चा सूर ऐकू आला तर बोट सप्लायच्या कंडेन्सरकडे (वीज साठवून लहर गाळणारे भाग), ५०चा ऐकू आला तर इतरत्र.

गिटारच्या सहाव्या तारेचा तिसरा पडदा वाजवा. तो सूर ९८ हर्ट्झचा. हार्मोनियमवाल्यांच्या भाषेत खर्जातली पांढरी पाच. हम या सुराला जवळजवळ चिकटला, पण किंचित चढा वाटला, दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला दोनेक हेलकावे ऐकू आले, तर तो १००चा. एक सप्तक खाली जाणवला तर ५०चा.

पण यात एक मेख आहे. आठ इंची स्पीकर ५० हर्ट्झ धड वाजवतच नाही. तुम्हाला ऐकू येतात त्या त्याच्या वरच्या पट्ट्या (दुप्पट, तिप्पट कंपनांचे सूर), आणि कान फसतो. म्हणून फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं एखादं फुकट ॲप घ्या, फोन स्पीकरच्या कागदाजवळ धरा आणि शिखरं बघा. १००, २००, ३०० एवढीच दिसली तर सप्लाय. मध्ये १५० आणि २५० डोकं वर काढत असतील तर ५०चं घराणं, मग खुद्द ५०चं शिखर दिसो वा न दिसो. विषम शिखरं रेक्टिफायर पुरवत नाही.

कागदावर लिहून ठेवा: "१००" किंवा "५०". पुढे लागेल.

२. केबल काढा, बटण फिरवा (खर्च शून्य)

अँपच्या आत सिग्नलचा रस्ता सरळ आहे. जॅक, मग १२एएक्स७चा पहिला अर्धा, मग आवाजाचं बटण, मग त्याच व्हॉल्व्हचा दुसरा अर्धा, मग ६व्ही६, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर. बटण हा या रस्त्यातला नाका. हम बटणाने कमी-जास्त होत असेल तर तो नाक्याच्या अलीकडे शिरतोय. बटणाला दाद देत नसेल तर पलीकडे.

जॅकमध्ये काही नसताना एक छोटी पट्टी इनपुट जमिनीला (अँपच्या पत्र्याच्या जोडणीला) टेकवून ठेवते, म्हणून केबल काढल्यावर अँप शांत व्हायला हवा. शांत झाला तर दोष अँपमध्ये नाही: पायरी ३. उलट केबल काढल्यावरच भुंगा सुरू होत असेल तर ती पट्टी टेकत नाहीये: पायरी ५.

३. खोलीकडे संशयाने बघा (खर्च शून्य)

गिटारवरचा सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकाभोवती हजारो वेढे पातळ तार. आजूबाजूचं जे काही घुमतंय ते पकडायला याहून चांगला अँटेना मुद्दाम बनवायला गेलात तरी जमणार नाही. गिटार गळ्यात घालून खुर्चीवर बसा आणि हळूहळू गोल फिरा. एखाद्या दिशेला हम एकदम पडला, नव्वद अंशात पुन्हा वाढला, तर हम हवेतून येतोय. अँपपासून दोन-तीन हात लांब सरका, कारण अँपचा स्वतःचा मेन ट्रान्सफॉर्मरही पिकअपमध्ये घुमतो.

मग एकेक वस्तू बंद करत जा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दिव्याचा डिमर, स्वस्त एलईडी दिवा, लॅपटॉपचा चार्जर, पेडलचा अडॅप्टर. रेग्युलेटर दोनवर ठेवला की "झर्रर्र", पाचवर नेला की गायब, हा प्रकार घरोघरी आहे. पूर्ण वेगाला तो लहर कापत नाही, मधल्या वेगांना कापतो.

तारांना हात लावल्यावर आवाज थोडा कमी होणं नेहमीचंच. पण तारांना लावून काही फरक नाही आणि जॅकच्या धातूला लावल्यावर फरक पडतो, तर गिटारच्या ब्रिजला जाणारी जमिनीची तार तुटली आहे. एक सोल्डरचा डाग, पाच मिनिटांचं काम.

४. भिंतीतला प्लग, अर्थिंग, इन्व्हर्टर

इथे जरा थांबणार आहे, कारण आपल्याकडच्या हमचं माहेर हेच.

पेठेतल्या एका जुन्या वाड्यात एका मुलाने अँप लावला होता. हम तर होताच, शिवाय "तार धरली की मुंग्या येतात" असं तो अगदी सहज सांगत होता. बोर्डावर तीन पिनांचं सॉकेट, नवं कोरं, पांढरंशुभ्र. इलेक्ट्रिशियनने उघडलं तर मागे दोनच वायर. वरचं मोठं भोक निव्वळ शोभेचं. अर्थ नसली की अँपचा पत्रा, गिटारच्या तारा आणि तुमची बोटं सगळी मिळून अधांतरी तरंगतात, आणि आत गळती झाली तर करंटला जमिनीपर्यंत जायला तुमच्याखेरीज दुसरी वाट राहत नाही. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर दुकानात स्वस्तात मिळतो, तो लावून बघा. त्यात अर्थ नाही असं दिसलं तर पुढचं काम इलेक्ट्रिशियनचं. चांगला इलेक्ट्रिशियन न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातही मीटर लावून बघेल. तिथे दोन-तीन व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं तर अर्थिंग नावापुरतं आहे.

हम जावा म्हणून अर्थची पिन कापण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. कधीकधी त्याने हम खरंच जातो. हम गेला आणि माणूसही गेला, असं व्हायला वेळ लागत नाही. तो सल्ला देणाऱ्याकडून पुढे कुठलाच सल्ला घेऊ नका. पिन कापल्यावर हम जात असेल तर त्याचा अर्थ इतकाच की अँप आणि दुसरं एखादं उपकरण, बहुधा लॅपटॉप किंवा दुसरा अँप, दोन वेगळ्या रस्त्यांनी जमिनीला जोडलेत आणि मध्ये वळसा तयार झालाय. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. वळसा आखडतो, हम बहुतेक वेळा पडतो.

अमेरिकेतून आणलेला ११७ किंवा १२० व्होल्टचा अँप असेल तर त्याचा स्टेपडाऊन (आपलं व्होल्टेज उतरवून देणारा ट्रान्सफॉर्मर) बघा. बाजारात मिळणाऱ्या कित्येक स्टेपडाऊनमध्ये अर्थ पुढे नेलेलीच नसते. आत येताना तीन पिना, बाहेर पडताना दोन. अर्थ सलग जाणारा घ्या, आणि अँपच्या मागे लिहिलेल्या वॉटच्या किमान दुप्पट क्षमतेचा. शिवाय ६० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जरा जास्त तापतो आणि जास्त गुरगुरतो. पत्र्याला कान लावल्यावर ऐकू येणारी ती गुरगुर स्पीकरमधली नाही, तिला हम समजू नका. अशा ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवून दहा सेकंद मोजता येत नसतील तर तो अँप इथे रोज तासन् तास चालवायचा नाही.

साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा अस्सल दोन पिनांचा अँप हाती लागला असेल तर तो चालू करण्याआधीच कारागिराकडे न्या. त्यात मेनच्या एका वायरपासून पत्र्यापर्यंत एक कंडेन्सर असायचा. तो शॉर्ट झाला की पत्रा थेट फेजला जोडला जातो. तो काढून तीन वायरची केबल बसवणं ही अस्सलपणाशी गद्दारी आहे असं मानणारे संग्राहक भेटतात. मी तो अँप तसाच परत करतो, दुरुस्त न करता.

आता इन्व्हर्टर. एका मित्राचा फोन: "काल रात्री मस्त होता, आज सकाळपासून भयानक झर्रर्र." मी दोन शनिवार त्या अँपवर घालवले. व्हॉल्व्ह बदलले, कंडेन्सर बदलले, डाग पुन्हा दिले. माझ्याकडे शांत, त्याच्याकडे झर्रर्र. तिसऱ्या वेळी त्याच्या घरी गेलो तेव्हा विचारलं, आवाज नेमका कधी येतो? म्हणाला, गुरुवारी. पुण्यात राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, घर इन्व्हर्टरवर येतं, आणि त्याचा इन्व्हर्टर चौकोनी लहर देणारा होता. गोल लहरीसाठी बांधलेल्या ट्रान्सफॉर्मरला चौकोनी लहर दिली की तिच्या सगळ्या कडा सप्लायमधून, हीटरमधून, हवेतून आत घुसतात. उपाय: शुद्ध साइन लहरीचा इन्व्हर्टर, नाहीतर वीज गेल्यावर अकूस्टिक वाजवणे. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न "कधी येतो?" हा असतो. तोपर्यंत मी फक्त "कसा येतो?" विचारायचो.

रात्री उशिरा व्होल्टेज चढतं तेही ध्यानात ठेवा. २२० व्होल्टला बेतलेल्या ट्रान्सफॉर्मरला २५० मिळाले तर ६.३ व्होल्टचे हीटर सात व्होल्टच्या पुढे जातात. दहा टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे साधारण ५.७ ते ६.९. त्यापलीकडे व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं, हम वाढतो. रात्री हम वाढत असेल तर जास्त व्होल्टेजचा टॅप (जोडणीचं टोक) असलेला ट्रान्सफॉर्मर किंवा स्टॅबिलायझर हा उपाय, नवे व्हॉल्व्ह नव्हेत.

५. केबल आणि जॅक (चहाच्या पैशात)

दुसरी केबल लावून बघा. केबलची जाळी एका टोकाला तुटली की जोरात ५०चा हम येतो आणि गिटारचा आवाज बारीक होतो.

कोकण आणि गोव्याकडून येणाऱ्या अँपचे जॅक मी डोळे झाकून साफ करतो. पावसाळ्याचे चार महिने आणि समुद्राची खारट हवा, पट्टीवर हिरवट थर चढतो. म्हापशाहून आलेल्या एका अँपला फक्त एवढंच झालं होतं. प्लग काढा, अँप बंद ठेवा, व्हिजिटिंग कार्डाची पातळ पट्टी कापा, टोकाला दोन थेंब आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा आणि जॅकमधल्या त्या टेकणाऱ्या पट्टीखालून चार-पाच वेळा ओढा. कार्ड काळं-हिरवं निघेल. सॅंडपेपर लावू नका, वरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट गंज चढतो. आवाजाचं बटण खरखरत असेल तर ते वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. तरीही खरखर राहिली तर तो वेगळा आजार आहे. बटणावर डीसी येतोय, म्हणजे त्याआधीचा कंडेन्सर गळतोय. हे कारागिराला सांगा.

६. आता व्हॉल्व्ह

अँप बंद, प्लग भिंतीतून बाहेर, अर्धा तास थंड. मग सुती फडक्यात व्हॉल्व्ह धरून, किंचित डोलवत सरळ रेषेत ओढायचा. या जातीच्या अँपमध्ये व्हॉल्व्ह उलटे टांगलेले असतात. वाजवताना पेटी थरथरते आणि ते हळूहळू सैल होतात. नुसतं काढून पुन्हा बसवल्याने पिना घासल्या जातात, आणि त्यानेच हम किंवा खरखर जाण्याचे प्रसंग मोजण्यापलीकडे आहेत. १२एएक्स७च्या नऊ पिना थेट काचेतून निघतात. वाकडा जोर दिलात तर काच तडकते. ६व्ही६ बसवताना मधल्या प्लास्टिकच्या खुंटीची खाच जुळवा. खुंटी तुटलेला व्हॉल्व्ह पुन्हा वापरू नका. तो भलत्याच कोनात बसतो आणि चालू केल्याक्षणी दुसरं काहीतरी घेऊन जातो.

नवं काही विकत घेण्याआधी ही चाचणी: फक्त १२एएक्स७ काढून ठेवा, ६व्ही६, ५वाय३ आणि स्पीकर जागेवरच, आणि अँप चालू करा. हम नाहीसा झाला तर तो १२एएक्स७मधून किंवा त्याच्या आजूबाजूने येत होता. तेव्हा दुसरा १२एएक्स७ मित्राकडून उसना आणून लावा. हीटरमधून कॅथोडकडे (हीटर ज्याला तापवतो त्या भागाकडे) गळती होणारा व्हॉल्व्ह ५०चा हम देतो आणि बदलल्यावर लगेच फरक कळतो. १२एएक्स७ काढूनही हम जेवढ्यास तेवढा, आणि पायरी एकमध्ये कागदावर "१००" लिहिलेलं असेल, तर सप्लाय. खाली रेषेकडे या.

ही चाचणी उलटी करू नका. ६व्ही६ काढून अँप चालवलात तर सप्लायवरचा भार जातो, व्होल्टेज चढतं आणि कंडेन्सर त्यांच्या मर्यादेबाहेर जाऊ शकतात. स्पीकर न जोडता तर कधीच चालवायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये इतका दाब तयार होतो की आतलं इन्सुलेशन फुटतं. नवा ट्रान्सफॉर्मर म्हणजे निम्म्या अँपची किंमत.

लाकडी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने चालू अँपच्या व्हॉल्व्हवर हलकी टिचकी मारा. १२एएक्स७मधून थोडा "टक" येतोच. घंटेसारखा घुमत राहिला तर तो मायक्रोफोनिक झालाय. त्याने हम येत नाही, पण अँप मध्येच रडतो आणि लोक त्याला हमच म्हणतात.

"सॉकेट तेच आहे" म्हणून ६व्ही६च्या जागी ६एल६ किंवा ईएल३४ घुसवू नका. ६व्ही६चा हीटर ०.४५ अँपिअर घेतो, ६एल६चा ०.९, ईएल३४चा १.५. छोटा ट्रान्सफॉर्मर हे झेपवत नाही. ५वाय३च्या जागी जीझेड३४ लावला तर व्होल्टेज चढतं आणि ६व्ही६ लाल होतो. बंगळूरच्या बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे) जुने व्हॉल्व्ह अजून अधूनमधून हाती लागतात, आणि चांगल्या अवस्थेतला मिळाला तर मी सोडत नाही. फक्त दुकानात टेस्टरवर लावून दाखवायला सांगा. डबा जुना आहे म्हणून आतला माल न वापरलेला असतो असं नाही.

इथे थांबा

हीच ती रेषा. यापुढे अँपचा पत्रा उघडावा लागतो, आणि आत तीनशे व्होल्टपेक्षा जास्त डीसी असतो. प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये साठून राहू शकतो. चालू सर्किटवर मीटर लावण्याची सवय नसेल, कंडेन्सर रेझिस्टरमधून रिकामा करून पुन्हा मीटरने खात्री कशी करायची हे कोणी हाताला धरून शिकवलेलं नसेल, तर नाही. व्हिडिओ बघून नाही, "फक्त एक डाग द्यायचाय" म्हणून नाही.

कोणाकडे न्यायचा? गिटारच्या दुकानात विचाराच, पण त्याआधी तुमच्या गावात जुने व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करणारे काका अजून बसतात का ते बघा. रेडिओतही हेच व्होल्टेज, हेच कंडेन्सर, हाच हम. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी केली की कोणीतरी नाव सांगतंच. काकांना गिटार कळत नाही, पण १००चा हम कळतो. सर्किटचा छापील कागद सोबत न्या. पायरी एक आणि दोनची उत्तरंही द्या: "१००चा आहे, बटणाला दाद देत नाही, १२एएक्स७ काढला तरी येतो." एवढं सांगितलं की त्यांचा निम्मा वेळ वाचतो.

ते काय करतील ते माहीत असू द्या, म्हणजे बिल समजेल.

१००चा हम, हळूहळू वाढलेला: सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. आतला ओलावा वर्षानुवर्षं सुकत जातो आणि लहर गाळण्याची ताकद जाते. मूळ सर्किटमध्ये ते १६, ८ आणि ८ मायक्रोफॅराडचे. आज २२, १० आणि १० सहज मिळतात, ४५० व्होल्ट किंवा वरचे. एकच न बदलता तिन्ही बदलायला सांगा. "जास्त घातला की हम अजून जाईल" म्हणून पहिल्या जागी शंभरचा घालू देऊ नका. चालू होताना तो ५वाय३मधून इतका करंट ओढतो की व्हॉल्व्हच्या आत ठिणग्या पडतात.

५०चा हम, १२एएक्स७ बदलूनही न गेलेला: हीटरची वायरिंग. जुन्या कित्येक छोट्या अँपमध्ये हीटरचं एक टोक थेट पत्र्याला जोडलेलं असायचं. दोन वायर एकमेकींना घट्ट पीळ घालून नेल्या आणि दोन्ही टोकांपासून शंभर-शंभर ओमचा एकेक रेझिस्टर जमिनीला दिला की दोन्ही बाजू समतोल होतात आणि हम बराच पडतो. मधला टॅप असलेला ट्रान्सफॉर्मर असेल तर हे दोन रेझिस्टर लावायचे नाहीत.

घरी बांधलेल्या किटमध्ये तिसरी एक गोष्ट सापडते. दोन्ही ट्रान्सफॉर्मर एकाच दिशेला तोंड करून शेजारी बसवलेले असतात आणि एकाचं चुंबकत्व दुसऱ्यात शिरतं. एक नव्वद अंशात वळवला की जातं. भोकं पाडण्याआधी हे कळलं असतं तर बरं झालं असतं, असं प्रत्येक जण म्हणतो. मीही म्हणालो होतो.

अँप परत घेताना काकांच्या टेबलावरच, सिरीज बल्ब (मेनच्या वायरमध्ये मध्येच जोडलेला बल्ब) लावून पहिल्यांदा चालू करायला सांगा. साठ वॉटचा तारेचा बल्ब, एलईडी नव्हे. क्षणभर उजळून मंद झाला तर सप्लाय ठीक. व्हॉल्व्ह तापल्यावरही भक्क पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, आणि तुमचा ट्रान्सफॉर्मर त्या बल्बने वाचवला. मग बल्ब काढून, बटण शून्यावर ठेवून स्पीकरला कान लावा. जो बारीकसा घूं उरेल तो तुमचा. घरी न्या.